पास झाली, पण वाचता येतं का?

१ मे ची सकाळ. झेंडावंदन आटोपलं होतं, मुलांच्या हातात गोळ्या-बिस्किटं पडली होती आणि लिंबाच्या सावलीत आम्ही मास्तर-मास्तरीण मंडळी निकालाची पत्रकं वाटत बसलो होतो. आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचा पट्टा पडून ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच गावी परतलेल्या. चौथीतल्या एका मुलीची आई पुढं आली. हाताला घट्टे, चेहरा रापलेला. पत्रक माझ्यापुढं धरून म्हणाली, "बाई, हे वाचून सांगा की."

मी वाचलं. भाषा ब-२, गणित क-२, परिसर अभ्यास ब-२.

"क-दोन म्हंजी पास का नापास?"

"पास. आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत."

तिनं पत्रकाकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मग हे कशापायी लिवलंय?"

मला उत्तर सुचलं नाही. विषय बदलावा म्हणून मी मुलीला म्हटलं, "आईला पुस्तक वाचून दाखव बरं." पोरगी हुशार होती. पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि कविता घडाघडा म्हणून मोकळी झाली. आईचा चेहरा असा फुलला म्हणता! "बगा, कशी वाचती माझी बाय!" आणि मी बघत होते ते पोरीच्या बोटाकडं. बोट तिसऱ्या ओळीवर थांबलेलं होतं, तोंड मात्र कवितेच्या शेवटाला पोचलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. कविता पाठ होती.

मी बोलले नाही. बाईमाणूस सहा महिन्यांनी गावी आली आहे, आनंदात आहे, कशाला विरजण घालायचं, असं स्वतःला समजावलं. पुढं ती मुलगी पाचवीत गेली, सहावीत गेली, आठवीपर्यंत कुठं अडली नाही. नववीत मात्र पुस्तकातलं काही उमगेना, तेव्हा शाळेत यायची बंद झाली. त्या पुढच्या हंगामात मुकादमाच्या वहीत तिच्या नवऱ्याच्या नावानं नवा कोयता लिहिला गेला. अठरा पूर्ण व्हायला तिला अजून बराच अवकाश होता.

तेव्हापासून निकालपत्रक हातात घेतलं की मला ते बोट आठवतं.

पालक म्हणजे कोण?

आमच्या लहानपणी निकालाचं प्रकरण सरळ होतं. पुठ्ठ्याचं प्रगतिपुस्तक, निळ्या शाईत गुण, नापास विषयाखाली लाल रेघ, शेवटी शेरा आणि त्याखाली 'पालकाची सही'. ती सही वडिलांची, नाहीतर काकांची. पहाटे उठून डबा करणारी, वेण्या घालणारी, "अभ्यास केला का" म्हणून विचारणारी आई त्या ओळीवर कधी आलीच नाही. तिचं काम एकच, लाल रेघ असलेलं पुस्तक वडिलांपुढं कधी ठेवायचं त्याचा मुहूर्त काढणं!

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्हा निजामाच्या राज्यातला. १९४८ पर्यंत इथलं माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाललं. आमच्या आज्यांच्या काळात गावातल्या एखाद्या पोरानं परीक्षा दिलीच, तर निकाल घरच्या बायकांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर शाळा मराठी झाल्या, गावोगाव झाल्या. तरीही २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली स्त्री-साक्षरता साधारण ७० टक्के होती. म्हणजे दहापैकी तीन बायकांना अक्षरओळख नव्हती. ज्यांना होती त्यातल्याही कितीजणींना 'क-२' म्हणजे काय ते सांगता आलं असतं?

आता तुम्ही म्हणाल, आईचं नाव तर कागदावर आलं! खरं आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावाची वेगळी ओळ कैक वर्षं आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असं लिहायचं. शाळेच्या नोंदीही त्यात आल्या. चांगलंच झालं. पण पत्रकावर नाव आलेल्या बाईला त्या पत्रकातलं काय कळतं, हा प्रश्न आहे तिथंच राहिला.

अ, ब, क, ड ची भानगड

थोडं मागे जाऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही आणि मुलाचं मूल्यमापन एका परीक्षेवर न करता वर्षभर करायचं, हे त्यात आलं. त्यानुसार राज्यानं २० ऑगस्ट २०१० रोजी 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापना'चा शासन निर्णय काढला. वर्षभराचं ते आकारिक, सत्राच्या शेवटचं ते संकलित. पहिली-दुसरीला ७० गुण आकारिक आणि ३० संकलित; सातवी-आठवीपर्यंत हेच प्रमाण ४० आणि ६० वर येतं. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, असं करत ४१ ते ५० म्हणजे क-२, ३३ ते ४० म्हणजे ड, आणि त्याखाली इ-१, इ-२. जोडीला वर्णनात्मक नोंदी.

हेतू उत्तम होता. लाल रेघेच्या धास्तीनं शाळा सोडलेली पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळं त्या रेघेसाठी माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही. मागे पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करायचं कामही शाळेवर टाकलेलं होतं. पण झालं काय, की लाल रेघ निरक्षर आईलासुद्धा दिसायची. लाल म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं तिला कळायचं. क-२ ला रंग नाही. आणि वर्णनात्मक नोंदी? चाळीस पोरं, आठ-नऊ विषय, दोन सत्रं. रात्री जागून आम्ही नोंदी लिहायचो. 'आवडीने सहभाग घेते', 'स्वच्छ व नीटनेटकी राहते', 'वाचनात प्रगती आवश्यक'. त्या मुलीच्या पत्रकावर यातलंच शेवटचं वाक्य होतं. आईला त्याचा अर्थ एकच सांगायला हवा होता: बाई, तुमच्या मुलीला वाचता येत नाही. तेवढंच आम्ही लिहिलं नाही.

जिल्ह्याला कळतं, आईला नाही

गंमत बघा. मुलांच्या परीक्षा आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त होतात. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि त्याबरोबर पायाभूत चाचण्या आल्या. २०१७ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. भाषा, गणित, इंग्रजीचे पेपर, आणि गुण शिक्षकांनी मोबाइलवरून राज्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडं भरायचे. त्यात आपला जिल्हा २०१८ पासून देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. राज्यात असे चारच, नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपण. त्यामुळं आपल्या पोरांना काय येतं, काय येत नाही, याकडं पार दिल्लीतून लक्ष!

म्हणजे पुण्याला कळतं, दिल्लीला कळतं. सर्वेक्षणाचा निकाल जिल्ह्याच्या नावानं निघतो. तो तसाच असायला हवा, कारण त्यात सगळी मुलं घेतलेलीच नसतात आणि एकेका मुलाचं नाव सांगणं हे त्याचं कामही नाही. जिल्ह्यात भागाकार कच्चा आहे, एवढं साहेबांना समजलं की त्याचं काम झालं. पण ज्या चाचण्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या होतात, त्यांचं काय? त्यांचे आकडे वर जातात तितक्या वेगानं खाली, घराकडं, येतात का?

कायदा तर स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगायची, हे त्यातलं एक. 'पत्रक द्यायचं' असं तिथं म्हटलेलं नाही, पालकांना अवगत करायचं असं म्हटलंय. या दोन्हींत केवढा फरक आहे, ते मला त्या १ मे ला कळलं.

आणि बैठका घ्यायच्या तर कधी? आमच्याकडं वर्ष शाळेच्या घंटेवर चालत नाही, कारखान्याच्या भोंग्यावर चालतं. पहिल्या सत्राचा निकाल लागतो दिवाळीच्या आगेमागे, आणि नेमक्या त्याच सुमारास टोळ्या गाडीत बसतात. वाशी, भूम, परंडा, कळंबकडच्या किती वाड्या-तांड्यांवर दिवाळीनंतर नुसती म्हातारी माणसं दिसतात! हंगामी वसतिगृहाच्या सोयीमुळं पोरं मागे राहतात, जेवतात, शिकतात. ही योजना फार मोलाची आहे. पण त्यांचं पहिल्या सत्राचं पत्रक जातं आजीच्या हातात. आजी ते पिशवीत जपून ठेवते, रेशनकार्डाशेजारी. सुधारायला अजून सहा महिने हातात असतात, तेव्हाच निकाल पिशवीत असतो!

सांगितल्यानं खरंच फरक पडतो?

तुम्ही विचाराल, आईला सांगून तरी काय होणार? ती थोडीच शिकवणार आहे?

यावर जगात बराच अभ्यास झालाय. पाकिस्तानातल्या पंजाबात अंद्राबी, दास आणि ख्वाजा या तीन अभ्यासकांनी ११२ गावं निवडली. त्यातल्या निम्म्या गावांत प्रत्येक पालकाला मुलाचे गुण आणि गावातल्या सगळ्या शाळांचे गुण एका पत्रकावर दिले. नुसते दिले नाहीत, बैठका घेऊन समजावून सांगितले, कारण तिथंही कितीतरी आई-बाप न शिकलेले. २०१७ साली हा अभ्यास छापून आला. मुलांचे गुण वाढले, शाळेत नाव घालणाऱ्यांची संख्या वाढली आणि खासगी शाळांची फी १७ टक्क्यांनी उतरली! शाळा कशी आहे ते पालकाला कळायला लागल्यावर नुसत्या टाय-बुटावर फी मागता येईना.

आफ्रिकेतल्या मलावीत आणखी एक गोष्ट दिसली. तिथं पालकांना आपल्या मुलाच्या कुवतीप्रमाणं सोपी किंवा अवघड वही निवडायला सांगितली. पुष्कळांची निवड चुकली, कारण मूल कुठं आहे याचा त्यांचा अंदाजच चुकीचा होता, आणि कमी शिकलेल्यांचा जास्त. मुलाचे खरे गुण सोप्या भाषेत सांगितल्यावर त्यांनी निवड बदलली. ही माझ्या त्या आईचीच गोष्ट. प्रेम कमी नव्हतं, माहिती चुकीची होती.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात असाच प्रयोग झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो (पुढं २०१९ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं) आणि 'प्रथम' संस्थेचे लोक त्यात होते. गावात बैठका घेतल्या, शिक्षण समितीची माहिती दिली, काही गावांत लोकांनीच मुलांची वाचनचाचणी घेऊन गावाचा तक्ता केला. शाळेत फारसं काही हललं नाही. फरक पडला तो जिथं गावातल्या तरुण स्वयंसेवकांनी वाचनाचे वर्ग घेतले आणि मुलं त्या वर्गांना गेली तिथं. म्हणजे आईला नुसतं "तुमच्या पोरीला येत नाही" एवढं सांगून सोडलं, तर आपण तिच्या डोक्याला घोर लावून मोकळे. "येत नाही, आणि आता आपण असं असं करू" हे दोन्ही एका दमात सांगावं लागतं.

दारातली परीक्षा

याच 'प्रथम'चं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून होतं, आपल्या जिल्ह्यातल्या गावांतही होतं. त्याची रीत मला फार आवडते. परीक्षा शाळेत नाही, घरी घेतात. एक कागद असतो, त्यावर अक्षरं, शब्द, लहानसा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. ओसरीवर मूल वाचतं आणि चूल फुंकता फुंकता आई ऐकते. तिला श्रेणी समजावी लागत नाही. पोरगी अडखळली की तिच्या कानाला कळतं. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. तेव्हा हे दुखणं एकट्या माझ्या शाळेचं नाही, हे ओघानं आलंच.

आपल्याकडं २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले. पहिलीत येणारं मूल आईचा हात धरून एकेका टेबलापाशी जायचं. इथं उड्या मार, इथं रंग ओळख, इथं वस्तू मोज. प्रत्येक ठिकाणी काय जमलं ते विकासपत्रावर आईसमोरच लिहिलं जायचं. मोजताना लेकरू सातवर अडलं, तर आईच ओठ हलवून "आठ" म्हणायची! त्या दिवशी त्या बायकांना निकाल वाचून दाखवायची गरजच पडली नाही.

मग करायचं काय?

काळ आता पुन्हा बदललाय. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. त्यात नापास झालेल्याला फेरपरीक्षेची संधी आहे, तिथंही जमलं नाही तर तो त्याच वर्गात राहू शकतो. चौथीपर्यंत "पास" ऐकलेल्या आईला पाचवीत एकदम "नापास" ऐकायला मिळालं, तर ती काय समजेल? पोरगी अचानक बिघडली असंच ना? आणि बिघडलेल्या पोरीचं पुढं काय होतं, ते आमच्या भागात वेगळं सांगायला नको.

म्हणून मैत्रिणींनो, तुम्ही आई असा की आजी, शिकलेल्या असा की नसा, चार गोष्टी जरूर करा.

पत्रक मिळालं की "पास का?" हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी विचारा, "हिला काय येतं, काय येत नाही आणि तुम्ही काय करणार?" एवढं विचारायला शाळा शिकलेली लागत नाही. हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

घरी पाठातलं वाचून घेऊ नका, ते पाठ असतं. पुडीचा कागद, एसटीची पाटी, किराणा दुकानाची पावती, जे हाताला लागेल ते मुलाला वाचायला लावा. आणि वाचताना बोट कुठं आहे ते बघा.

तोडीला जाणार असाल तर जायच्या आधी बाईंचा, सरांचा फोन नंबर घ्या आणि आपला द्या. दिवाळीचा निकाल लेखी नको, फोनवर बोलून सांगा म्हणावं. हल्ली फडावरसुद्धा मोबाइल असतो. दोन मिनिटांचा आवाज पाठवला तर पाचट पेटवून झाल्यावर ती आई तो तीनदा ऐकेल.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिथं तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो. नवऱ्यानं सांगितलं तिथं अंगठा, एवढ्यासाठी त्या जागा नाहीत. शाळेच्या चाचणीत किती पोरं मागे पडली आणि त्यांच्यासाठी काय केलं, हा विषय बैठकीत आपण काढायचा.

शिक्षक भगिनींनाही एक सांगते. आपल्याला कागद खूप भरावे लागतात, मान्य. पण निकालाच्या दिवशी प्रत्येक आईला तीन वाक्यं तोंडी सांगायला फार तर दोन मिनिटं लागतात. काय येतं, काय येत नाही, पुढं काय. मधलं वाक्य जिभेवर यायला जड जातं. माझंही अडलं होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी एक नेम केला होता. १ मे ला पत्रक हातात द्यायच्या आधी मुलाला आईशेजारी बसवायचं, न वाचलेलं पान उघडून द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. एकदा तिसरीतला एक मुलगा 'पाऊस' या शब्दावर अडला. आईनं वाकून बघितलं, तिलाही येईना. दोघं एकमेकांकडं बघून हसली. मग ती मला म्हणाली, "बाई, सुट्टीत कोण शिकवंल ह्याला? म्या बी बसन संगट."

त्या उन्हाळ्यात लिंबाखाली रोज सकाळी आठ ते नऊ आम्ही बसायचो. अकरा पोरं आणि तीन आया. जूनमध्ये त्या बाईनं पोराच्या दाखल्याच्या अर्जावर स्वतःची सही केली. अक्षरं वाकडी होती, पण ती ओळ पालकाच्या सहीची होती आणि सही आईची होती.